टॅकलचा हिशेब

अमेरिकन फुटबॉलचा सामना बघताना प्रेक्षकांची नजर चेंडूवर असते. लाइनबॅकरची नसते. तो पाहतो समोरच्या गार्डचं पहिलं पाऊल. गार्ड पुढे झेपावला तर धाव आपल्याच अंगावर येणार. मागे सरकला तर पास. बाजूला वळून पळायला लागला तर त्याच्या आडोशाने कुणीतरी चेंडू घेऊन त्याच दिशेला निघालेला असतो. बचावाची पहिली फळी जमिनीला हात टेकून बसलेली असते, शेवटची फळी पास अडवायला दूर मागे उभी असते आणि लाइनबॅकर या दोन्हींच्या मधे. धाव त्याने अडवायची, जवळचा पास त्याने अडवायचा, वेळ आली तर पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर त्यानेच चालून जायचं. त्यातला मधला लाइनबॅकर तर चेंडू हलण्याआधी सगळ्या बचावाला ओरडून जागा सांगत असतो. त्यामुळे खेळी संपताना माणसांचा जो ढीग पडतो, त्यात लाइनबॅकर बहुतेक वेळा असतोच.

हे सगळं मी शिकले ते विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ४४ नंबरच्या खेळाडूकडे पाहून. ख्रिस बोर्लंड. ओहायोतल्या केटरिंगचा मुलगा, २००९ साली मॅडिसनला आला. उंची ५ फूट ११ इंच. आपल्याकडे ही उंची भरपूर म्हणतील, पण या जागेवर खेळणारे बरेच जण सहा फुटांच्या वरचे असतात आणि बोर्लंड त्यांच्या शेजारी बुटका, रुंद दिसायचा. पहिल्याच मोसमात तो बिग टेन या मोठ्या विद्यापीठगटातला सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला.

मी त्या सुमारास इथे नवी होते. सांगलीत फिजिओथेरपी केलेली, कबड्डीच्या पोरांचे गुडघे आणि घोटे हाताखालून गेलेले. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे मॅडिसनला आले. इथे पुन्हा शिकून, परीक्षा देऊन, राज्याचा परवाना काढून अ‍ॅथलेटिक ट्रेनर झाले. या नावावरून व्यायाम करून घेणारी बाई असं वाटतं. प्रत्यक्षात हे काम दुखापतींचं आहे. सरावाआधी घोटे टेपने बांधायचे, उन्हात पाण्यावर लक्ष ठेवायचं, सामन्याला साइडलाइनवर उभं राहायचं, कुणी पडून राहिला की सगळ्यांत आधी धावायचं. आणि तो परत खेळणार की नाही, याचा पहिला निकाल द्यायचा. अनेक वर्षं मी एका हायस्कूलमध्ये हे करते आहे. शुक्रवारच्या संध्याकाळी अख्खं गाव मैदानावर असतं आणि त्या गावात कोच, आई-वडील, पोरगा अशा सगळ्यांना नको असलेला निकाल द्यायची वेळ माझ्यावर येते.

शिकत असताना आम्हा दोघांना कधीमधी कॅम्प रँडलची तिकिटं मिळायची. यादवी युद्धाच्या काळात तिथे उत्तरेकडच्या सैनिकांचं प्रशिक्षण शिबिर होतं, आता ७५,००० हून अधिक माणसं मावतात असं स्टेडियम आहे. तिसरा क्वार्टर संपला की ठरलेलं गाणं लागतं आणि विद्यार्थ्यांचा सगळा कोपरा उड्या मारतो. पायाखालचं काँक्रीट हललेलं तळव्यांना कळतं. पहिल्यांदा मी घाबरून नवऱ्याचा हात धरला होता. पण त्या गोंगाटातही माझी नजर ४४ नंबरवर असायची. तो धावत यायचा, शेवटच्या दोन पावलांत कंबरेतून खाली बसायचा, आणि चेंडूवाल्या माणसाच्या खालून शिरून त्याला उचलल्यासारखा मागे ढकलायचा. हात चेंडूवर. चेंडू सुटून जमिनीवर पडला की फंबल, ज्याच्या हाती लागेल त्याचा. बोर्लंड हे वारंवार करायचा. अंगापिंडाने मोठ्या माणसाला तो नुसता पाडत नव्हता, त्याच्याकडून चेंडू काढून घेत होता. उंची कमी असण्याचा त्याने फायदा करून घेतला होता.

२०१० मध्ये त्याचा खांदा गेला. दोन सामने झाले आणि मोसम संपला. विद्यापीठ खेळात चार मोसम खेळायला पाच वर्षं मिळतात, आणि दुखापतीने असं वर्ष बुडालं तर ते त्या चारांत धरलं जात नाही. म्हणून तो २०१३ पर्यंत खेळू शकला. त्याच्याविना विस्कॉन्सिन जानेवारी २०११ मध्ये पॅसाडेनातल्या रोझ बोल सामन्याला गेलं आणि टेक्सास ख्रिश्चनकडून २१–१९ असं हरलं. पुढच्या मोसमात तो परतला, शंभराहून बरेच अधिक टॅकल केले, म्हणजे तितक्या वेळा चेंडूवाल्याला पाडलं. रसेल विल्सन त्या वर्षी क्वार्टरबॅक होता. पुन्हा रोझ बोल, ऑरेगनकडून ४५–३८. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच, स्टॅनफर्डकडून २०–१४. सलग तीन वर्षं पॅसाडेनाला जायचं आणि तिन्ही वेळा थोडक्यात हरून यायचं, हे मॅडिसनच्या लोकांना अजून बोचतं. दुकानातला माणूससुद्धा हे आकडे न विचारता सांगतो.

शेवटच्या वर्षी, २०१३ साली, तो बिग टेनचा सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि सर्वोत्तम लाइनबॅकरही. या दुसऱ्या पुरस्काराला डिक बटकस आणि पॅट फिट्झजेराल्ड यांची नावं आहेत. एक इलिनॉयचा, दुसरा नॉर्थवेस्टर्नचा, दोघेही याच गटातले थोर लाइनबॅकर. म्हणजे बोर्लंडचं नाव कुणाच्या रांगेत गेलं ते कळावं.

मी मात्र तोवर नोकरीला लागले होते आणि खेळ वेगळ्या बाजूने पाहायला लागले होते.

विस्कॉन्सिनमध्ये २०१२ साली शाळकरी खेळाडूंच्या मेंदूच्या हादऱ्याबद्दल, म्हणजे इथे सगळे म्हणतात त्या कन्कशनबद्दल, कायदा झाला. संशय आला तरी मुलाला मैदानाबाहेर काढायचं, आणि वैद्यकीय माणसाने लेखी दिल्याशिवाय परत घ्यायचं नाही. असा पहिला कायदा २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्यात झाला. तिथला झॅकरी लिस्टेड हा १३ वर्षांचा मुलगा डोक्याला मार लागूनही त्याच सामन्यात परत खेळला होता आणि मरणाच्या दारातून अपंगत्व घेऊन परत आला होता. पाच वर्षांत सगळ्या राज्यांनी असे कायदे केले. माझ्या नोकरीला त्यामुळे दात आले. त्याआधी ट्रेनरचं म्हणणं हा सल्ला असायचा.

तर माझं शुक्रवारचं काम असं. पोरगा टकरीतून उठतो, पण दुसऱ्या संघाच्या घोळक्याकडे चालायला लागतो. किंवा उठतो नीट, पण पुढच्या खेळीत आपली जागा विसरतो. मी त्याला बाहेर बोलावते आणि सगळ्यात आधी त्याचं हेल्मेट काढून घेते, माझ्या पायांमागे ठेवते. हेल्मेट हातात असलं तर कोचची पाठ वळताच तो आत पळतो, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मग प्रश्न. आपण कोणत्या मैदानावर आहोत? कितवा क्वार्टर? शेवटचे गुण कुणी केले? वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे सांग. पाच मिनिटांपूर्वी दिलेले शब्द आठव. एका पायावर उभा राहा, डोळे मीट. सोळा-सतरा वर्षांचं पोरगं, खांदे दाराच्या चौकटीएवढे, आणि सप्टेंबरनंतर ऑगस्ट येईना म्हणून डोळ्यांत पाणी.

अशा वेळी निकाल अवघड नसतो. त्रास सगळ्यांना होतो, पण काय करायचं ते स्पष्ट असतं. मला झोप लागू देत नाहीत ती वेगळी पोरं.

मार्च २०१५ मध्ये बातमी आली की बोर्लंड खेळ सोडतोय. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स या व्यावसायिक संघाने त्याला २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांत, तिसऱ्या फेरीत ७७ वा घेतला होता. तिथे आधीच दोन नावाजलेले लाइनबॅकर होते. त्यातला नॅव्हॉरो बोमन गुडघ्यामुळे बाहेर होता, आणि मोसमाच्या मध्यावर पॅट्रिक विलिसच्या पायाच्या अंगठ्याने दगा दिला. बोर्लंडला जागा मिळाली. तो जणू तिथेच वाढल्यासारखा खेळला, अर्ध्याच मोसमात सुरुवातीपासून उतरला तरी शंभरावर टॅकल. पुढची दहा वर्षं हा या संघाचा मधला लाइनबॅकर, असं सगळे धरून चालले होते. तो २४ वर्षांचा होता. चार वर्षांचा करार साधारण ३० लाख डॉलरचा, त्यातली तीन वर्षं बाकी. सही करताना मिळालेल्या सहा लाखांवर डॉलरपैकी तीनचतुर्थांश रक्कम त्याने परत करायची, असा नियमाने हिशेब झाला.

आमच्या टेपिंगच्या खोलीत दुसऱ्या दिवशी दुसरा विषय नव्हता. पोरं चकित, एकदोघं चिडलेली. त्यांच्या खोल्यांत त्याची पोस्टर होती. एका बापाने मला पार्किंगमध्ये विचारलं, त्याला असं काय झालं होतं?

काहीच झालं नव्हतं. तेच तर. बोर्लंडला त्या वेळी कोणतंही कन्कशन झालेलं नव्हतं. तो कुठल्या चाचणीत नापास झाला नव्हता, कुठल्या डॉक्टरने त्याला थांबवलं नव्हतं. आयुष्यात निदान झालेली कन्कशन दोन, तीही शाळेतली, त्यातलं एक तर सॉकर खेळताना. पण त्याने स्वतःच नंतर सांगितलं की व्यावसायिक संघाच्या पहिल्या सराव शिबिरात एका टकरीत त्याचं डोकं हादरलं, हे कन्कशन असावं असं त्याला वाटलं, आणि संघात जागा मिळवायची म्हणून तो खेळत राहिला. तिथून त्याच्या डोक्यात प्रश्न सुरू झाला. त्याने वाचलं, संशोधकांना फोन केले, आई-वडिलांना सुचवून ठेवलं की आपली कारकीर्द लांब नसेल. मग त्या मोसमात चांगला खेळला आणि थांबला.

त्या बापाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे धडधाकट असताना सोडलं? मी म्हटलं, हो, धडधाकट असताना.

विस्कॉन्सिनला या विषयाचा एक जुना धागा आहे. माइक वेबस्टर याच राज्याच्या उत्तरेतल्या टोमाहॉकचा, याच विद्यापीठात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सेंटर म्हणून खेळला, मग पिट्सबर्गला जाऊन चार वेळा सुपर बोल जिंकला. २००२ मध्ये वयाच्या ५० व्या वर्षी तो गेला तेव्हा शेवटची वर्षं त्याने विस्मरणात, वेदनेत, कधी गाडीत झोपून काढली होती. पिट्सबर्गमध्ये शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूत टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या पाहिल्या. फुटबॉलपटूच्या मेंदूत सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार बसणाऱ्या हादऱ्यांशी जोडलेला मेंदूचा आजार, आढळल्याची ती पहिली नोंद, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली. २०१२ मध्ये ज्युनियर सेयाउने स्वतःला गोळी घातली. त्याच्याही मेंदूत तेच सापडलं. सेयाउ लाइनबॅकर होता.

२०१७ मध्ये बोस्टन विद्यापीठाने मृत फुटबॉलपटूंच्या २०२ मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. १७७ मध्ये सीटीई होता. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये खेळलेल्या १११ पैकी ११० मध्ये. पण मला त्याहून जास्त हलवलं ते कॉलेजपर्यंतच खेळलेल्यांच्या आकड्याने: ५३ पैकी ४८. हे मेंदू कुटुंबांनी दान केलेले, आणि घरात त्रास पाहिलेली कुटुंबंच जास्त करून दान करतात. म्हणून सगळ्या खेळाडूंपैकी एवढ्यांना होतो असं त्यावरून म्हणता येत नाही. पालकसभेत मी हे दर वेळी स्पष्ट सांगते, कारण आकड्याने घाबरवणं मला पटत नाही. पण त्याच संशोधकांनी पुढे दाखवलं की धोका कन्कशनच्या संख्येपेक्षा खेळलेल्या वर्षांशी बांधलेला आहे. सुमारे प्रत्येक २.६ वर्षांमागे सीटीईची शक्यता दुप्पट होते. म्हणजे मोजायला हवी ती एकच मोठी टक्कर नव्हे. ज्यातून पोरगा हसत उठतो, ज्यानंतर त्याला महिने उलटे सांगता येतात, अशा हजारो लहान टकरी.

आणि इथे माझ्या कामाची अडचण येते. कायदा लक्षणं दिसल्यावर जागा होतो. माझी सगळी तपासणी लक्षणांची. जो मुलगा माझ्या खोलीत कधीच येत नाही, ज्याचा घोटासुद्धा कधी मुरगळत नाही, जो प्रत्येक खेळीत असतो, जो आठवड्यामागून आठवडा टॅकलच्या यादीत सगळ्यांच्या वर असतो, त्याला सांगायला माझ्याकडे नियम नाही. आणि प्रत्येक शाळेतला उत्तम लाइनबॅकर नेमका असाच असतो. त्याचं कौतुक ज्या तक्त्यावरून होतं, तोच तक्ता मला वेगळा दिसतो. एका सामन्यात १५ टॅकल म्हणजे किमान १५ वेळा टक्कर. आणि टॅकलच्या रकान्यात न आलेल्या टकरी, ब्लॉकरला अंगावर घेऊन दुसऱ्याला मोकळं केलेल्या, त्या कुणीच लिहीत नाही.

बोर्लंडने नेमका हाच हिशेब केला, आणि तो स्वतःच केला. शूर म्हणून लोक त्याचं कौतुक करतात, भित्रा म्हणून काहींनी हिणवलं. मला दोन्ही शब्द उपयोगाचे वाटत नाहीत. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की त्याने लक्षणांची वाट पाहिली नाही. जो प्रश्न मी पोरांना पडल्यावर विचारते, तो त्याने उभं असताना स्वतःला विचारला.

बोर्लंड मॅडिसनला आला त्याच वर्षी, २००९ मध्ये, ओहायोचाच दुसरा एक मुलगा बोस्टन कॉलेजला लाइनबॅकर म्हणून खेळू लागला होता. ल्यूक कीक्ली, सिनसिनाटीचा. २०११ मध्ये एका मोसमात त्याने १९१ टॅकल केले आणि देशभरातल्या सर्वोत्तम लाइनबॅकरचा बटकस पुरस्कार घेतला. खेळी वाचण्यात त्याचा हात धरणारा माझ्या पाहण्यात कुणी नाही. मग कॅरोलायनाच्या व्यावसायिक संघात तो आठ मोसम खेळला. २०१६ मध्ये एका सामन्यात कन्कशननंतर गाडीवरून बाहेर नेताना तो हुंदके देऊन रडत होता, ते टीव्हीवर सगळ्या देशाने पाहिलं. त्यानंतरही तो तीन मोसम खेळला, आणि जानेवारी २०२० मध्ये २८ व्या वर्षी थांबला. आमच्या सीनियर मुलांना मी दोघांची नावं एकत्र सांगते. कोण बरोबर, असं विचारतात. दोघांनीही आपल्या पायांनी मैदान सोडलं, एवढंच मी म्हणते. कीक्लीचा खेळ मला फार आवडायचा आणि त्याने आणखी आधी सोडलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. पण हे वाटणं माझं.

खेळ वाईट आहे असं मी म्हणत नाही. कॅम्प रँडलमधला तो आवाज मी विसरले नाही, आणि शुक्रवारी आमच्या गावात जे घडतं ते दुसऱ्या कशाने घडत नाही. ज्या पोरांना घरी कुणी विचारत नाही त्यांना कोच संध्याकाळी घरी सोडतात, जेवू घालतात. सांगलीहून बाबांचा फोन आला की ते दर वेळी म्हणतात, अगं, इतकं लागतं तर बंद का करत नाहीत? मी त्यांना म्हणते, बाबा, तुम्ही पावसाळ्यात कबड्डीचे सामने भरवायचात तेव्हा कुणी बंद केले असते तर तुम्ही ऐकलं असतं का? ते हसतात, मग म्हणतात, पण पोरांना सांभाळ गं.

सांभाळायचा एक मार्ग सापडला आहे, आणि तो याच राज्यात तपासला गेला. २०१४ पासून विस्कॉन्सिनच्या शालेय क्रीडा संघटनेने सरावातल्या पूर्ण टकरींवर मर्यादा घातली. पहिल्या आठवड्यात मुळीच नाही, दुसऱ्यात मिळून ७५ मिनिटं, पुढे आठवड्याला ६० मिनिटं. कोच लोकांनी सुरुवातीला कपाळाला हात लावला होता. मॅडिसनच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी आधीचे आणि नंतरचे मोसम ताडून पाहिले तेव्हा सरावात होणारी कन्कशन्स ठळकपणे कमी झालेली दिसली. सामन्यातली तशीच राहिली, कारण सामना तोच आहे. पण एका पोराच्या हायस्कूलच्या चार वर्षांतल्या टकरी मोजल्या तर त्यातल्या कितीतरी सरावातल्याच असतात, आणि त्या कमी केल्याने कुणाचाही सामना जात नाही.

आमचे कोच बोर्लंडपेक्षा कितीतरी वर्षं आधीचे लाइनबॅकर आहेत, कॉलेजात खेळलेले, मान अजूनही एका बाजूला पुरती वळत नाही. मागच्या ऑगस्टमध्ये मी त्यांना म्हटलं, ६० मिनिटं संघाला आहेत, पण तुमचा मधला लाइनबॅकर त्यातली साठच्या साठ खातो आणि राखीव मुलांना दहाही मिळत नाहीत. त्यांनी वाद घातला नाही. बराच वेळ सरावाचा कागद पाहत राहिले, मग पेन मागितलं. आता मंगळवारी मधला लाइनबॅकर पहिली २० मिनिटं टक्कर घेतो आणि नंतर कोचशेजारी उभा राहून गार्डची पावलं वाचून मोठ्याने सांगतो, टकरी दुसरा मुलगा घेतो. बुधवारी आणि गुरुवारी त्याला फक्त पॅड आणि डमी.

पहिल्या मंगळवारी तो माझ्याकडे आला. या खोलीत त्याचं पहिलंच येणं. त्याला काही दुखत नव्हतं. त्याला विचारायचं होतं की त्याच्या जागी उतरलेल्या दहावीच्या मुलाला टॅकल करताना कंबरेतून खाली कसं बसायचं, हे त्याने शिकवलं तर चालेल का. मी त्याला कोचकडे पाठवलं, आणि जाताना बोर्लंडच्या २०११ मधल्या सामन्यांची फिल्म दोघांनी मिळून बघा म्हणून सांगितलं.